मागच्या सीटवरचं काम

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नसे. मराठी विषय घेऊन मी बी.ए. झाले, लग्न होऊन बारामतीत आले आणि त्यानंतरची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या मोटारसायकलींवर मागं बसले. हेच माझं काम. त्याला पगार नव्हता, निवृत्ती नव्हती, आणि बढतीची काही शक्यता नव्हती, कारण पुढच्या सीटवर माझे यजमान बसत.

त्यांचं नाव दस्तगीर. गिऱ्हाइकं दस्तगीरभाई म्हणत. मी त्यांना समोर कधी नावानं हाक मारली नाही, त्यामुळे कागदावरही हात अडखळतो. पुढं मी 'हे' असंच लिहीन. कन्हेरीकडे जाणाऱ्या वाटेला वस्ती विरळ होते तिथं आमचं घर. घरापुढं पत्र्याची पडवी आणि पडवीत ब्रेकचं काम. फक्त ब्रेकचं. इंजिन, वायरिंग, पंक्चर यातलं काही हे घेत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, "गाडी चालू करणारे गावात लय हायेत. मी थांबवणारा हाय." पाटी कधी लावली नाही. सुप्यापासून इंदापूरपर्यंतची माणसं विचारत विचारत येत.

ब्रेकचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं गूढ नाही. मागच्या चाकाच्या मधोमध एक गोल डबा असतो, तो ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे समोरासमोर बसवलेले असतात. पायाखालचं पेडल दाबलं की एक रॉड ओढला जातो, ते तुकडे फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर. रॉडच्या टोकाला एक नट असतो. तो आवळला की ब्रेक लवकर धरतो, सैल केला की उशिरा. पुढच्या चाकाला हल्ली डिस्क असते, म्हणजे पोलादाची चकती आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड. तिथं रॉडचं काम तेल करतं. एवढाच संसार. यातलं काहीतरी झिजतं, चिकटतं, भिजतं, नाहीतर तेलात हवा शिरते.

बहुतेक ठिकाणी गाडी डबल स्टँडवर लावतात, चाक हवेत फिरवून नट आवळतात, गल्लीत एक चक्कर मारतात आणि किल्ली हातात देतात. ह्यांना ते पटत नसे. आपल्याकडं मोटारसायकल एकट्यापुरती कुणी घेतच नाही. मागं बायको असते, मध्ये पोर असतं, कधी पेंडीचं पोतं, कधी मांडीवर आडवी घातलेली शेळी. मागं वजन आलं की शॉकअप दबतात, रॉडचा कोन बदलतो, आणि स्टँडवर गुणी असलेला ब्रेक रस्त्यावर निराळाच वागतो. म्हणून मी सीटवर बसायची आणि हे खाली उकिडवे बसून नट फिरवायचे. मग तसंच दोघांनी कॅनॉलच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. पुलाला चढ आहे, उतार आहे आणि उताराच्या तळाशी गतिरोधक. ब्रेकची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा आसपास नाही.

माझं वजन हे आमच्या धंद्याचं भांडवल होतं. एका वर्षी टायफॉइडनं मी बरीच वाळले, तर ह्यांनी गंभीरपणे सांगितलं की आता सगळ्या सेटिंगा चुकणार. रोज सकाळी माझ्यापुढं दुधाचा पेला ठेवत आणि मी तो संपवेपर्यंत पाना हातात घेत नसत.

एका बाजूला पाय सोडून बसलं की वजन कलतं, त्यामुळे दोन्हीकडं पाय टाकून बसावं लागे. साडीत ते जमेना, म्हणून मी सलवार-कमीज शिवून घेतले. त्या वेळी वस्तीत त्याची चर्चा झाली. नंतर मोटारसायकली वाढल्या आणि चर्चा करणाऱ्यांच्याच गाड्या आमच्या पडवीत आल्या.

मागं बसून काय कळतं, असं लोक विचारत. मुख्य म्हणजे आपण पुढं किती सरकतो ते कळतं. चांगला ब्रेक माणसाला सीटवर आहे तिथंच थांबवतो, वाईट ब्रेक पुढच्याच्या पाठीवर नेऊन टाकतो. ड्रम वाकडातिकडा झिजला असेल तर टाचांना थरथर जाणवते, पुढं बसणाऱ्याला ती हँडलच्या गडबडीत कळत नाही. आणि वास मागं येतो. लायनर तापल्याचा वास गाडी चालवणाऱ्याला सर्वांत शेवटी समजतो. सगळं ठीक असलं की मी ह्यांच्या खांद्यावर एक थाप द्यायची. ठीक नसलं तर काहीच करायची नाही. मग घरी आल्यावर हे न बोलता पुन्हा पाना घेत. इतक्या वर्षांत ब्रेकविषयी मी त्यांच्याशी तोंडानं काही बोलल्याचं आठवत नाही.

थाप मिळाली की हे नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. नट नंतर हलला तर ठिपका तडकतो, म्हणजे कुणी हात लावला की लगेच कळतं. मी स्वतः नेलपॉलिश कधी लावलं नाही, पण मंडईजवळच्या बांगडीवाल्याची माझ्या हौसेविषयी काही ठाम समजूत असावी. तालुक्यात कुठंही उभ्या गाड्यांमधून चालताना मला खाली ते लाल ठिपके दिसत. लग्नाच्या मांडवाबाहेर, बाजारात, दवाखान्यासमोर. ओळखीची माणसं भेटावीत तसं वाटे.

गाडी उघडलेली असताना मी कट्ट्यावर वाचत बसे. वाचनालयाच्या पुस्तकांना माझ्या बोटांचे काळे ठसे उमटत. ग्रंथपाल बाई तक्रार करत, पण कोणतं पुस्तक मी वाचलं आहे हे त्या न विचारता ओळखत.

आमच्याकडं सर्वांत जास्त गर्दी दसऱ्यानंतर होई. खंडेनवमीला लोक गाड्या धुतात, पुसतात, पूजेला लावतात, आणि त्या भरात नको तिथं तेल लावतात. एकदा मोरगावचे एक वयस्क हारवाले आले. त्यांच्या गाडीचा पुढचा मडगार्ड वाकला होता आणि स्पोकांत कडब्याची पानं अडकली होती. ह्यांनी डिस्कवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"आबा, खोबरेल तेल?"

"व्हय. वर्साचा सण. चकाकली पायजे का न्हाय?"

"चकाकली. आता थांबती का?"

"थांबली की. गंजीत."

ह्यांनी चकती साबणानं धुतली, पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले आणि आबांना सांगितलं की फुलं हँडलला वाहा, हळद-कुंकू टाकीला लावा, चकतीला कोरडं राहू द्या. ही चूक फक्त दसऱ्याची नाही. ईदच्या आदल्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात डिझेलच्या फडक्यानं गाड्या पुसतात. नमाजानंतर गळाभेट घेऊन परतणारे आमचेच दोन भाचे एकमेकांच्या गाड्यांवर आदळले होते.

इंदापूरकडून एक मासेवाला येई. उजनीच्या पाण्यावरची मासळी बर्फाच्या पेटीत घालून मागं बांधायचा. त्याचं म्हणणं असं की जाताना एका ठरावीक वळणावर ब्रेक लागत नाही, येताना त्याच वळणावर झकास लागतो. वळणाजवळ स्मशान होतं, त्यामुळे कारण त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्याकडं तो ब्रेकसाठी आलाच नव्हता, फक्त खात्री करून घ्यायला आला होता. आम्ही पेटीसकट चक्कर मारायचं ठरवलं. पेटीच्या मागं उरलेल्या टीचभर जागेत मी कशीबशी बसले. पुलापर्यंत जाईतो माझा उजवा पाय गार पडला. बर्फाचं पाणी पेटीच्या कोपऱ्यातून ठिबकत थेट ड्रमच्या फटीत जात होतं. मासळी विकून तो परते तेव्हा पेटी रिकामी, ड्रम कोरडा. ह्यांनी जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून पाणी बाजूला पडेल असा बांधून दिला. मासेवाल्यानं मनापासून आभार मानले आणि वळणावर नारळही फोडला. माझ्या कमीजचा वास पुष्कळ दिवस गेला नाही.

सगळंच जमलं असं नाही. सुप्याच्या एका शेळ्यांच्या व्यापाऱ्याच्या ब्रेकचा आवाज शेवटपर्यंत गेला नाही. लायनर बदलले, ड्रम घासला, कडा कोरल्या, तरी थांबताना गाडी किंचाळायचीच. शेवटी तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाई. शेळ्या वळखत्यात." ह्यांना ते लागलं. तो रस्त्यानं गेला की हे मान फिरवून दुसरीकडं बघत.

मे महिन्यात हे गेले. दुपारी जेवले, पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत. स्टँडवर एक गाडी चाक काढलेल्या अवस्थेत होती. तिचा मालक दफनाला आला होता. त्यानं गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. नंतर केव्हातरी टेम्पो आणून उघड्या चाकासकट गाडी घेऊन गेला.

आमच्यात नवरा गेला की बाई इद्दत पाळते. चार महिने आणि वर काही दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मला ते जड गेलं नाही. जायचं कुठं होतं? दाराला जाडसर पडदा लावला आणि त्याच्या आत मी पुस्तकं घेऊन बसू लागले. वाचत होते असं म्हणवत नाही. पान तेच राही.

एका सकाळी पडद्याबाहेर कुणीतरी घसा खाकरला. "भाभी, भाई न्हाईत ते ठावं हाय. पर पुडचा ब्रेक निस्ता आत जातुया. दुसरीकडं जायाचं मन हुईना."

उत्तर द्यावं की नाही, मला कळेना. मग विचारलं, "दाबल्यावर कसा लागतो? स्पंजासारखा?"

"व्हय."

"भराभर चार-पाचदा दाबला की कडक होतो?"

"हुतो की. तुमाला आतनं कसं दिसलं?"

"दिसलं नाही. तेलात हवा शिरलीय."

हवा काढायची कशी, ते मी त्याला पडद्याआडून सांगितलं. भिंतीवर कुठला पाना टांगलाय, खालच्या छोट्या बोल्टाला पारदर्शक नळी कशी लावायची, लिव्हर दाबून धरल्यावरच बोल्ट सैल करायचा आणि आवळल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही. बाहेर बराच वेळ खुडबुड चालली. मग तो म्हणाला, "बुडबुडं आलं." इतक्या आनंदानं, की मला पडद्याआड हसू आलं. हे गेल्यानंतरचं ते पहिलं.

त्यानंतर माणसं येत राहिली. पडवीत बसून स्वतःच्या हातानं स्वतःची गाडी दुरुस्त करत आणि मी आतून सांगत असे. एकानं ट्रॅक्टरचं ऑइल ब्रेकच्या तेलाच्या डबीत ओतलं होतं आणि आतली रबरं फुगून चाक जाम झालं होतं. डबी उघडायला लावून मी वास कसा येतो ते विचारलं तेव्हा उलगडा झाला. काम झालं की पाने जिथल्या तिथं टांगले जात. ह्यांच्या हयातीत ते कधी जागेवर सापडले नव्हते.

मागं बसायला मात्र कुणी नव्हतं. मी पेंडीचं एक पोतं ठेवायला सांगितलं. सीटवर पोतं बांधा, नट फिरवा, पुलापर्यंत जाऊन या. पोत्याचं वजन पुरेसं होतं, पण ते खांद्यावर थाप देत नसे. आणि नेलपॉलिशची बाटली फळीवरून मी कुणाला काढू दिली नाही.

पोत्यानं सुटला नाही तो सुनंदाचा ब्रेक. इंदापूर रस्त्याच्या आत एक वाडी आहे, तिथली ती. नवरा जेसीबी घेऊन कोकणात कामाला होता. तो गेल्यावर वाडीवरचं दूध गोळा करून डेअरीला पोचवायचं काम तिनं त्याच्याच गाडीवर सुरू केलं. दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा आणि त्यात दुधाच्या किटल्या. डेअरीच्या अलीकडं पाटाच्या चारीचा उतार आहे. तिथं पोचेपर्यंत मागचा ब्रेक धरेनासा होई. एकदा ती किटल्यांसकट चारीत गेली. माझ्याकडं आली तेव्हा गुडघ्याला पट्टी होती आणि बरोबर सासू होती, सगुणाबाई. बायकाच असल्यानं त्यांना मी पडद्याच्या आत घेतलं.

गावातल्या मेकॅनिकनं लायनर बदलले होते, नट आवळला होता. दुसऱ्यानं पुन्हा बदलले, आणखी आवळला होता. घरातून निघताना ब्रेक उत्तम असे. वाटेत कधीतरी जळका वास सुटे आणि उतारावर पेडल दाबून उपयोग नसे. डेअरीवर गाडी उभी राहिली, गार झाली, की पुन्हा उत्तम.

"दीर म्हनत्यात, दसऱ्यापास्नं गाडी मी चालीवतो, तू घरी बस," सुनंदानं सांगितलं.

"त्यो वंगाळ न्हाय बोलत," सासू म्हणाली. "दूध गेलं तर गेलं. ही गेली तर माझ्या पोराला काय सांगू?"

मी सुनंदाला विचारलं, तुला काय वाटतं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मला गाडी सोडायची न्हाय भाभी. सकाळी गाडीवर असते तेवढा येळ मला कुनी हाक मारत न्हाय."

सासूनं तिच्याकडं बघितलं.

जळका वास म्हणजे ब्रेक कुठंतरी सतत घासतोय, एवढं उघड होतं. घासून तापतो, तापला की लायनर गुळगुळीत होतात आणि धरत नाहीत. पण सुनंदानं स्टँडवर चाक फिरवलं तर ते मोकळं फिरे. पोतं बांधून दुसऱ्या एका माणसानं पुलापर्यंत चक्कर मारली, तेव्हाही चाक गार. तिच्या नवऱ्यानं ही गाडी पूर्वी ह्यांच्याकडून नीट करून नेली होती, म्हणून मी ठिपक्यांची चौकशी केली. तिनं खाली वाकून बघितलं. रॉडच्या नटावरचा फुटला होता, ते साहजिकच होतं. पण पेडलच्या खाली एक छोटा बोल्ट असतो, पेडल किती उंचीवर उभं राहावं ते ठरवणारा. त्याच्यावरचा लाल ठिपका शाबूत होता.

"त्याला हात लावू नकोस," मी सांगितलं.

तिनं अजून एक-दोनदा येऊन पाहिलं. मी नट थोडा सैल करायला सांगितला, ड्रमच्या आत साफ करायला सांगितलं. फरक पडला नाही. ती पहिल्या गिअरमध्ये उतार उतरू लागली. डेअरीवर उशीर होई आणि दीर रोज विचारत, आज पोचलीस का. नवरात्र जवळ येत होतं.

इद्दत संपली त्या दिवशी नणंद मला तिच्या घरी न्यायला येणार होती. रीत अशी की पहिलं पाऊल कुणाच्या तरी घरी टाकायचं. नणंदेच्या आधी सुनंदा आली, मागं सगुणाबाई.

"आज तुमाला बाहीर पडता येतं न्हवं?" सुनंदानं विचारलं.

मी ट्रंकेतून सलवार-कमीज काढला. नॅप्थलिनच्या गोळ्यांचा वास येत होता. सुनंदानं किटल्यांचा सांगाडा सोडवून पडवीत ठेवला. मी दाराबाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांत गेलं, म्हणून थोडी थांबले. सीटवर पाय टाकताना गुडघा कुरकुरला.

"नीट बस गं भाभी," सगुणाबाई कट्ट्यावरून म्हणाली, "आता गाडीला कळंल वजन काय असतं ते."

गाडी सुरू झाली. माझ्यासमोर दुसरीच पाठ होती, अरुंद, वेणी घातलेली. हात कुठं ठेवावा ते मला समजेना. मी तो सीटच्या पट्ट्यावर ठेवला. दोन्हीकडं ऊस उभा होता. मी आत होते तेवढ्या काळात तो माझ्यापेक्षा उंच झाला होता. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक वाटलं. मग टाचांना काहीतरी जाणवलं. थरथर नव्हे, गाडी किंचित ओढून धरल्यासारखी चालली होती, आणि सुनंदा थोडा जास्त रेस देऊन ते भरून काढत होती. तिला ते ठाऊक नव्हतं. पाठोपाठ वास आला.

मी उजवीकडं झुकून खाली बघितलं. सुनंदाचा पाय पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला होता, सायकलवर टेकावा तसा. सगळ्या वाटेनं तो तसाच असणार. पाय ठेवल्यानं मागचा लाल दिवा पेटून राहतो, एरवी पाठीमागून येणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. पण तो दिवा किटल्यांच्या सांगाड्यानं केव्हाच फुटला होता. आणि दुसऱ्या कुणी गाडी चालवली की त्याचा पाय पेडलवर नसे, म्हणून चाक गार राही.

मी तिला थांबायला सांगितलं. "सुनंदा, तुझा पाय सारखा ब्रेकवर असतो."

तिनं खाली बघितलं. म्हणाली, "मग ठेवू कुटं?"

मी खाली उतरले, रस्त्यात उकिडवी बसले आणि तिला पाय फूटरेस्टवर ठेवायला सांगितला. तिची टाच फूटरेस्टवर कशीबशी पोचत होती, आणि पुढचा तळवा आपोआप पेडलवर पडत होता. दुसरी जागाच नव्हती. तिचा नवरा चांगला उंच, बूट घालून गाडी चालवणारा. त्याच्या पायासाठी ह्यांनी पेडल वर उचललं होतं. त्याला मागं बसून मीच थाप दिली असणार. ठिपका खरा होता, पाय बदलला होता.

परत येऊन मी दहा नंबरचा पाना भिंतीवरून काढला. सुनंदा बाजूला उभी होती. बोल्टावर पाना लावला आणि तसाच धरून राहिले. त्या लाल ठिपक्याची कड ह्यांच्या हातची होती. ब्रशनं ते एकदाच टेकवत आणि उचलत, त्यामुळे ठिपका अगदी गोल येई.

"भाभी, नगं वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या," सुनंदा हळूच म्हणाली. "मी पायाला सवं लावीन."

"पायाला सवय लावून ब्रेक नीट होत नाही," मी म्हटलं, आणि पाना फिरवला. ठिपका तडकला. त्याचे दोन बारीक लाल तुकडे माझ्या बोटावर आले.

पेडल खाली घेतलं. मग सुनंदाला सीटवर बसवून, तिचा पाय फूटरेस्टवर ठेवून, तळव्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली. चाक काढून लायनर पॉलिश पेपरवर घासले, चकचकीतपणा जाईपर्यंत. रॉडचा नट लावायची वेळ आली तेव्हा सीटवर वजन हवं होतं. मी काही म्हणायच्या आत सगुणाबाई उठली, लुगडं आवरून सुनंदाच्या मागं बसली आणि म्हणाली, "फिरव. पेंडीपरास बरी हाय म्या."

दुसऱ्या चकरेला पुन्हा मी बसले. या वेळी पुलाच्या पलीकडं जाऊन, वळून, जास्त वेगानं उतारावरून यायला सांगितलं. वास नाही. टाचा शांत. गतिरोधकाच्या अलीकडं सुनंदानं पाय उचलून पेडलवर ठेवला आणि दाबला. गाडी थांबली. मी सीटवर जिथं होते तिथंच होते.

माझा हात तिच्या खांद्यावर गेला आणि एक थाप पडली.

सुनंदानं दचकून मागं बघितलं. "काय झालं भाभी?"

तिला कुठून माहीत असणार? मला तोंडानं सांगावं लागलं. "काही नाही. ब्रेक चांगला झालाय."

पडवीत आलो तर नणंद आलेली, आणि मला मोटारसायकलवर बघून तोंडावर पदर धरून उभी. सगुणाबाईनं कट्ट्यावरून सुनेला विचारलं, थांबली का. सुनंदा म्हणाली, थांबली. म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकून उठत सांगितलं, "मग दसऱ्याला गाडीची पूजा तूच कर. तुज्या दिराला सांगते म्या." मी फक्त एवढंच म्हटलं की पूजेच्या वेळी चाकाला तेल लावू नका.

निघायच्या आधी मी त्यांना थांबवलं आणि फळीवरची बाटली काढली. नेलपॉलिश घट्ट झालं होतं, झाकण नणंदेनं दातांनी उघडलं. मी खाली बसले आणि बोल्टावर ब्रश टेकवला. ह्यांचा ठिपका गोल यायचा. माझा जरा लांबट आला. तसाच राहू दिला.